जे फक्त नकाशात होतं

आज आपण जुन्या काळच्या जगाच्या नकाशांविषयी बोलणार आहोत. मुलं आसपास असतील तर त्यांनाही बोलवा, कारण आजच्या गोष्टीत एका पायाची माणसं आहेत, चोरून नेलेला नकाशा आहे, कुणीही न पाहिलेली डोंगररांग आहे आणि कॅलिफोर्निया नावाचं एक बेट आहे. हो, बेट! बे एरियातल्या आणि लॉस एंजेलिसच्या श्रोत्यांनी जरा सावरूनच बसा.

आपण नकाशावर फार पटकन विश्वास ठेवतो. कुणी काही सांगितलं, लिहिलं, तर ते चुकीचं असू शकतं हे आपल्याला समजतं. पण एखाद्या किनाऱ्याची रेघ ओढलेली दिसली की ती खोटी असेल असं मनातही येत नाही. जुन्या नकाशांत मात्र खरं आणि कल्पनेतलं शेजारी शेजारी बसलेलं असायचं, एकाच शाईत, एकाच ठसठशीत रेघेत. मग त्यातलं खरं कुठून यायचं आणि खोटं कुठून? आज एवढंच शोधू या.

सुरुवात करू आपल्या पैठणपासून.

इसवी सन १५०च्या सुमारास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात टॉलेमी नावाचा एक विद्वान राहत होता. त्याने भूगोलावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात जगातल्या सुमारे ८,००० ठिकाणांची यादी दिली, तीही अक्षांश-रेखांशांसकट. या यादीत ‘बैथाना’ आहे, म्हणजे आपलं पैठण. तिथे कोणत्या राजाची राजधानी आहे तेही तो सांगतो. त्याने दिलेलं ग्रीक वळणाचं नाव म्हणजे सातवाहन राजा पुळुमावी, असं अभ्यासक मानतात. यादीत ‘सूपारा’ आहे, ते आपलं सोपारा. ‘सिमुल्ला’ म्हणजे चौल. ‘तगर’ म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. टॉलेमी स्वतः भारतात कधी आला नव्हता. पण अलेक्झांड्रिया हे व्यापाराचं शहर होतं. कोकणच्या बंदरांत जाऊन आलेले खलाशी आणि व्यापारी तिथे यायचे. त्यांच्याकडून कळलेली ही नावं अठराशे वर्षांनंतरही आपल्याला ओळखता येतात.

आता त्याच ग्रंथावरून काढलेला नकाशा पाहा. दक्षिणेकडे निमुळता होत जाणारा आपला भारत त्यात दिसतच नाही. खालचा भाग जणू हाताने दाबून सपाट केलेला आहे. त्याच्याखाली श्रीलंका, आणि ती मात्र खऱ्या आकाराच्या कितीतरी पट मोठी. आणखी खाली गेलं की आफ्रिकेपासून थेट आग्नेय आशियापर्यंत जमिनीचा एक अखंड पट्टा. म्हणजे हिंदी महासागर चारी बाजूंनी बंद, एखाद्या तलावासारखा! तो पट्टा कुणीही पाहिलेला नव्हता. पैठणचं नाव तिथे जाऊन आलेल्या माणसांमुळे मिळालं. दक्षिणेचा पट्टा माहिती संपली तिथे अंदाजाने ओढला गेला.

पुढे हजारेक वर्षांनी युरोपात वेगळ्याच तऱ्हेचे नकाशे तयार होऊ लागले. इंग्लंडमधल्या हेरफर्ड गावच्या कॅथेड्रलमध्ये असा एक नकाशा आजही आहे, इसवी सन १३००च्या सुमाराचा. वासराच्या एकाच कातड्यावर काढलेला, उंची साधारण दीड मीटर. मध्यभागी जेरुसलेम. वरच्या बाजूला उत्तर नाही, तर पूर्व, कारण स्वर्गीय उद्यान पूर्वेला आहे अशी श्रद्धा होती. आणि तिथेच, वरच्या भागात, आपला भारत. भारतात कोण राहतं? तर एका पायाची माणसं! पाय एकच, पण एवढा मोठा की ऊन लागलं की आडवं व्हायचं आणि पायाचीच छत्री डोक्यावर धरायची. हेरफर्डच्या चित्रकाराने हे मनाने रचलेलं नव्हतं. भारताविषयीच्या असल्या कथा ग्रीक लेखकांनी दीड हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवल्या होत्या. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवून घेतलं, तिसऱ्याने त्याचं चित्र काढलं.

मंडळी, आपण यावर हसू, पण थोडं आपल्याकडेही बघू. सत्यनारायणाच्या पूजेला बसलो की गुरुजी संकल्प सांगतात. त्यात जंबुद्वीप येतं, भरतखंड येतं, दंडकारण्य येतं आणि मग गोदावरीचा तीर येतो. पुराणांत मेरू पर्वताभोवती द्वीपं आहेत आणि त्यांच्याभोवती उसाच्या रसाचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा समुद्र आहे. त्याच पुराणांत सह्याद्री आणि विंध्यही आहेत. गोदावरीत आपण पाय बुडवू शकतो, दुधाच्या समुद्रात नाही. तरी दोन्ही एकाच दमात उच्चारले जातात. त्या संकल्पाचा हेतू प्रवासाला निघणं हा नसतोच. या अफाट विश्वात मी इथे, या ठिकाणी बसलो आहे, एवढं सांगणं हा असतो. हेरफर्डचा नकाशाही तसाच आहे. तो घेऊन कुणी वाटेला लागत नव्हतं. अडचण सुरू झाली ती माणसं नकाशे हातात घेऊन जहाजं हाकारायला लागली तेव्हा.

या वळणावर मला एका साधूचं फार कौतुक वाटतं. त्याचं नाव फ्रा माउरो. व्हेनिसजवळच्या एका बेटावरच्या मठात तो राहायचा. १४५०च्या सुमारास त्याने जगाचा एक प्रचंड गोल नकाशा तयार केला, जवळजवळ दोन मीटर रुंद, आणि त्यावर सुमारे ३,००० टिपा लिहिल्या. तोवर युरोपात टॉलेमीचा ग्रंथ लॅटिनमध्ये आला होता आणि त्याचा दबदबा होता. तरी फ्रा माउरोने हिंदी महासागर उघडा दाखवला. का? तर प्रवाशांकडून आणि खलाशांकडून त्याने तसं ऐकलं होतं म्हणून. १४२०च्या सुमारास भारताकडचं एक जहाज आफ्रिकेच्या टोकापलीकडे गेल्याची हकिकत त्याच्या टिपांत आहे. आणि स्वर्गीय उद्यान त्याने नकाशाच्या आत काढलंच नाही. बाहेर, चौकटीच्या कोपऱ्यात, वेगळं वर्तुळ काढून ठेवलं. श्रद्धा सोडली नाही, पण तिची जागा वेगळी केली.

सगळेच असे नव्हते. आता ज्याच्यामुळे आपल्या या देशाच्या मूळच्या लोकांना शतकानुशतकं ‘इंडियन’ म्हटलं गेलं, त्या कोलंबसाकडे येऊ.

टॉलेमीने पृथ्वी खऱ्यापेक्षा लहान धरली होती आणि आशिया खंड पूर्वेकडे खूप लांबवलं होतं. कोलंबसाने या दोन्ही चुका आणखी ताणल्या. त्याच्या हिशेबाने कॅनरी बेटांपासून पश्चिमेकडे जपान सुमारे २,४०० सागरी मैलांवर होतं. प्रत्यक्षात हे अंतर १०,०००हून जास्त आहे. मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून त्याची माणसं वाचली, नाहीतर अन्नपाणी संपून समुद्रातच गेली असती. जमीन लागली ती त्याच्या हिशेबाच्या जवळपास, आणि तिथेच घात झाला. हिशेब बरोबर आला असं त्याला वाटलं! १४९४च्या जूनमध्ये क्युबाच्या किनाऱ्यावर त्याने आपल्या खलाशांकडून लेखी शपथ घेतली की हे बेट नाही, ही आशियाची मुख्य भूमी आहे. शब्द फिरवला तर दंड होईल आणि जीभ कापली जाईल, असंही बजावलं. शपथ घेणाऱ्यांत हुआन दे ला कोसा हा नकाशाकार होता. त्याचा १५०० सालचा नकाशा आज माद्रिदच्या नौदल संग्रहालयात आहे. त्यात क्युबा बेट आहे! शपथेपुढे मान तुकवलेल्या माणसाने सहा वर्षांनी रेघ मात्र खरी ओढली.

याच सुमाराला आपल्या किनाऱ्याची रेघही खरी झाली. १४९८मध्ये वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीला पोचला. तिथून पुढचा समुद्र त्याच्यासाठी नवा होता. तिथे त्याला एक वाटाड्या मिळाला. या भागातल्या खलाशांना मोसमी वारे पिढ्यानपिढ्या माहीत होते. त्या वाटाड्याने त्याला साडेतीन-चार आठवड्यांत कालिकतच्या किनाऱ्याला आणून सोडलं. पोर्तुगीज आपले नकाशे गुप्त ठेवायचे. पण इटलीतल्या फेराराच्या सरदाराचा एक हस्तक होता, आल्बेर्तो कँटिनो. त्याने १५०२मध्ये लिस्बनमध्ये १२ सोन्याची नाणी मोजून एक नकाशा बनवून घेतला आणि गुपचूप बाहेर नेला. आज तो इटलीत मोडेनाच्या ग्रंथालयात आहे. टॉलेमीने सपाट केलेला भारत त्यात निमुळता होऊन दक्षिणेकडे उतरलेला दिसतो. साडेतेराशे वर्षांची चूक, आणि ती दुरुस्त झाली मोजक्या वर्षांत, कारण कुणीतरी तिथल्या माणसाच्या मागोमाग गेलं.

आता आपल्या या देशाचं नाव. १५०७मध्ये आजच्या फ्रान्समधल्या सँ-दिए या लहानशा गावात मार्टिन वाल्डझेम्युलर आणि त्याच्या सोबत्यांनी १२ मोठ्या कागदांवर जगाचा नकाशा छापला. कोलंबसाला लागलेली जमीन त्यांनी आशियापासून तोडून, स्वतंत्र, दोन्ही बाजूंना समुद्र असलेली दाखवली. गंमत बघा, पलीकडचा प्रशांत महासागर बाल्बोआ नावाच्या स्पॅनिश माणसाने पाहिला तो १५१३मध्ये! म्हणजे हा अंदाजच होता, पण बरोबर निघाला. त्या जमिनीच्या दक्षिण भागावर त्यांनी एक नवं नाव छापलं, ‘अमेरिका’. अमेरिगो व्हेस्पुची या प्रवाशाच्या नावाने छापलेली प्रवासवर्णनं त्यांनी वाचली होती आणि हा खंड त्यानेच शोधला असं त्यांना वाटलं होतं.

पुढे १५१६मध्ये वाल्डझेम्युलरने दुसरा मोठा नकाशा काढला. त्यात ‘अमेरिका’ हे नाव नाही. त्याने ते काढून टाकलं. इतकंच नाही, उत्तरेकडच्या जमिनीवर त्याने ‘क्युबाची भूमी, आशियाचा भाग’ असं लिहिलं. नाव मागे घेतलं, आणि बरोबर आलेला अंदाजही मागे घेतला. पण पहिल्या नकाशाच्या प्रती सगळीकडे गेल्या होत्या. इतरांनी ते नाव उचललं होतं. १५३८मध्ये मर्केटरने ते उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही खंडांवर लिहिलं आणि विषय संपला. १५०७च्या नकाशाची आज एकच प्रत ज्ञात आहे. १९०१मध्ये ती जर्मनीतल्या एका किल्ल्यात सापडली. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००३मध्ये ती एक कोटी डॉलरला विकत घेतली. आपल्या पासपोर्टवर, व्हिसावर, मुलांच्या जन्मदाखल्यावर जे नाव आहे ते असं आलेलं आहे, आणि ज्यांनी दिलं त्यांतल्या एकाने ते परत घ्यायचा प्रयत्नही केला होता.

छापलेली चूक किती चिवट असते हे कॅलिफोर्नियाइतकं कुणीच शिकवत नाही. हे नावच मुळी एका स्पॅनिश कादंबरीतल्या काल्पनिक बेटाचं. १५३९मध्ये उयोआ नावाचा दर्यावर्दी खाडीच्या उत्तर टोकापर्यंत गेला. तिथे समुद्र संपतो आणि जमीन सुरू होते हे त्याने पाहिलं. त्यानंतर जवळजवळ ८० वर्षं नकाशांत बाजा कॅलिफोर्निया द्वीपकल्प म्हणूनच दाखवलं जायचं, म्हणजे अगदी बरोबर. मग १६२०च्या दशकात एका स्पॅनिश धर्मगुरूच्या सांगण्यावरून ते बेट झालं! अॅमस्टरडॅम, लंडन, पॅरिस, एकेका शहरातल्या नकाशाकारांनी एकमेकांचं बघून तेच छापलं. नकाशे सुबक होते, रंगीत होते, आणि नवे होते. नवं म्हणजे जास्त बरोबर, असं सगळ्यांना वाटलं.

ते सुटलं कशामुळे, माहीत आहे? शिंपल्यांमुळे. किनो नावाचे एक जेझुइट धर्मगुरू आजच्या अॅरिझोना आणि सोनोराच्या प्रदेशात काम करत होते. तिथल्या मूळच्या लोकांनी त्यांना निळे शिंपले भेट दिले. असे शिंपले किनोंनी पूर्वी फक्त प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर पाहिले होते. हे शिंपले इथवर आले कसे? मध्ये समुद्र असेल तर या लोकांनी तो कसा ओलांडला? म्हणजे जमिनीची वाट आहे! किनोंनी त्या लोकांना विचारलं, स्वतः अनेकदा प्रवास केला, आणि १७०५मध्ये त्यांचा जमिनीची वाट दाखवणारा नकाशा छापून आला. तरीही काही नकाशाकार ऐकेनात. शेवटी १७४७मध्ये स्पेनच्या राजाला फर्मान काढावं लागलं की कॅलिफोर्निया हे बेट नाही. त्या वाटेने पिढ्यानपिढ्या शिंपले नेणाऱ्यांना मात्र हे कधी शंकेचंही वाटलं नसेल.

शेवटचं उदाहरण एका मोठ्या माणसाचं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. जेम्स रेनेल हा ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला पहिला सर्व्हेअर जनरल. बंगालच्या नद्या त्याने होडीतून हिंडून मोजल्या होत्या. १७८०च्या दशकातला त्याचा हिंदुस्थानचा नकाशा फार नावाजला गेला. हाच रेनेल पुढे लंडनमध्ये बसून पश्चिम आफ्रिकेचा नकाशा काढू लागला. मुंगो पार्क हा प्रवासी नायजर नदी पाहून आला होता. दूरवर दिसलेल्या डोंगरांचा उल्लेख त्याने केला होता. रेनेलचं मत होतं की नायजर दक्षिणेच्या समुद्राला मिळत नाही. मग तिला अडवायला काहीतरी हवं! १७९८मध्ये त्याने पूर्व-पश्चिम अशी भली लांब डोंगररांग काढली, काँगचे पर्वत. रेनेलचं नाव एवढं मोठं की कुणी शंका घेतली नाही. जवळजवळ शंभर वर्षं ती रांग नकाशांत राहिली, काही नकाशांत तर शिखरांवर बर्फसुद्धा! नायजर खरं तर दक्षिणेलाच वळते आणि समुद्राला मिळते. ते १८३०मध्ये लँडर बंधूंनी नदीतून जाऊन दाखवलं. नदी सापडली तरी डोंगर हटले नाहीत. १८८८मध्ये बँझे हा फ्रेंच अधिकारी काँग गावात पोचला. गाव खरं होतं, नांदतं व्यापारी गाव. पर्वत मात्र क्षितिजावर कुठेच नव्हते.

लक्षात घ्या, बंगालमध्ये बरोबर असलेला माणूस आफ्रिकेत चुकला. बुद्धी तीच होती, हात तोच होता. फरक एवढाच की एका ठिकाणी तो जाऊन, मोजून, विचारून आला होता आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला कोरी जागा बघवली नाही.

कोरी जागा सोडणारेही होते. फ्रान्समधल्या दांव्हिल या नकाशाकाराने १७४९मध्ये आफ्रिकेचा नकाशा काढताना ऐकीव राज्यं, सरोवरं, डोंगर पुसून टाकले. आतला मोठा भाग कोरा ठेवला. तो नकाशा शेजारच्या नकाशांपेक्षा गरीब दिसला असेल, पण जास्त प्रामाणिक होता.

पण इथेही एक काळजी घ्यावी लागते. कोरी जागा म्हणजे नकाशाकाराला माहीत नसलेली जागा. ती रिकामी जमीन नव्हे. पुढच्या शतकात नेमका हाच घोळ झाला, आणि तो निष्पाप नव्हता. १८८४-८५मध्ये बर्लिनच्या परिषदेत युरोपीय सत्तांनी आफ्रिकेवर हक्क सांगायचे नियम ठरवले. त्या बैठकीत आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. एके काळी नकाशातली रिकामी जागा काल्पनिक डोंगरांनी भरली. नंतर ती सरळ पट्टीने ओढलेल्या सीमांनी भरली. तिथे राहणाऱ्यांना दोन्ही वेळा विचारलं नाही.

हे सगळं जुनं झालं, असं मुलं म्हणतील. आता उपग्रह आहेत! तर २०१२ची गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलिडोनियाच्या मध्ये ‘सँडी आयलंड’ नावाचं बेट होतं. जुन्या सागरी नकाशांत होतं आणि गूगलच्या नकाशातही होतं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथे गेलं. बेट नव्हतं. खाली १,३०० मीटरहून जास्त खोल पाणी होतं. शंभरहून जास्त वर्षं एका नकाशातून दुसऱ्यात उतरत आलेली चूक संगणकातही जशीच्या तशी उतरली होती.

जाता जाता एक गृहपाठ, आपल्या सगळ्यांसाठी. आपण परदेशी राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात गावाचा एक नकाशा असतो. कुणाचा नाशिकचा, कुणाचा सांगलीचा, कुणाचा गिरगावातल्या एका गल्लीचा. तो नकाशा आपण निघालो त्या सालचा असतो. मुलांना आपण तोच देतो, आणि आठवत नाही तिथे थोडं मनाचं भरतो. तर या आठवड्यात एक मोठा कागद घ्या. मुलांना बसवा. गावी आजी-आजोबांना, काका-मावशीला, शेजारच्यांना फोन लावा आणि विचारत विचारत गावाचा नकाशा काढा. देऊळ कुठे, विहीर कुठे होती, तिथे आता काय आहे. जे कुणालाच माहीत नाही ती जागा कोरी सोडा. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा मुलं ती भरतील. आणि कोपऱ्यात साल लिहायला विसरू नका.

काढलेला नकाशा आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात त्याविषयी बोलू. तोवर काळजी घ्या. नमस्कार!